हॉब्जचा मनुष्यस्वभावविचार आणि सार्वभौम सत्ता : एक चिकित्सा

पदवी स्तरावरील अध्यापनात थॉमस हॉब्जचे (१५८८–१६७९) तत्त्वज्ञान बहुधा एका वाक्यात आटोपले जाते : मनुष्य स्वभावतः दुष्ट आहे, म्हणून निरंकुश सत्ता आवश्यक आहे. उत्तरपत्रिकेला हे वाक्य पुरते. हॉब्जच्या ग्रंथांना पुरत नाही.

‘डी सिव्हे’च्या १६४७ च्या आवृत्तीस जोडलेल्या प्रस्तावनेत, आपण मनुष्याला निसर्गतः दुष्ट ठरवतो हा आक्षेप हॉब्जने स्वतःच खोडून काढला आहे. दुर्जन संख्येने थोडे असले तरी ते ओळखता येत नाहीत, म्हणून सज्जनालाही सर्वांविषयी साशंक राहावे लागते, असा त्याचा युक्तिवाद आहे. ‘लेव्हायथन’च्या (१६५१) तेराव्या प्रकरणात झोपताना दाराला व घरातल्या घरात पेटीला कुलूप लावणाऱ्या माणसाचा दाखला येतो तो याचसाठी. तेथे कलहाची तीन कारणे सांगितली आहेत : स्पर्धा, अविश्वास आणि कीर्तिलालसा. त्यांपैकी अविश्वास हेच प्रतिपादनाचे मर्म होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते. दुर्बलही कपटाने वा संगनमताने बलवानास ठार करू शकतो, या अर्थाने हॉब्जची माणसे समान आहेत. आणि ही समताच भयाचे मूळ आहे.

खरी अडचण सार्वभौमाच्या बाबतीत उद्भवते. करारान्वये प्रजाजन आपले अधिकार त्याच्या स्वाधीन करतात. परंतु आत्मसंरक्षणाचा हक्क कोणालाही सोडता येत नाही. एकविसाव्या प्रकरणानुसार सत्ता संरक्षण देण्यास समर्थ असेपर्यंतच आज्ञापालनाचे बंधन टिकते. इतकेच नव्हे, तर देहदंड अटळ झालेल्या बंडखोरांना एकत्र येऊन परस्परांचे रक्षण करण्याची मुभाही हॉब्ज देतो. राजनिष्ठ बिशप ब्रॅमहॉल याने १६५८ मध्ये या ग्रंथावर बंडखोरीला शिकवण पुरवल्याचा ठपका ठेवला, तो अगदीच निराधार नव्हता. निरंकुशतेचा पुरस्कर्ता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लेखकाचे ग्रंथ १६८३ मध्ये राजनिष्ठ ऑक्सफर्डनेच जाळले!

सार्वभौम हा करारातील पक्षकार नाही. प्रजेच्या संदर्भात तो निसर्गावस्थेतच राहतो. मग ज्याला शेजाऱ्याचा हेतू ओळखता येत नाही, त्याने शस्त्रधारी सार्वभौमाच्या हेतूविषयी निःशंक का असावे? अविश्वासाचे तत्त्व येथे कोणत्या आधारे थांबते, याचे समर्पक उत्तर हॉब्जच्या मांडणीत मिळत नाही. कोणत्याही राजवटीचा जाच यादवी युद्धाच्या हालअपेष्टांपुढे क्षुल्लक आहे, एवढेच तो अठराव्या प्रकरणात म्हणतो. इंग्लंडमध्ये १६४२ पासून यादवी चालू होती व १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला, हे ध्यानात घेता ही तुलना समजण्याजोगी आहे. मात्र तुलनेने भय सौम्य ठरते. ते निराधार ठरत नाही.