संतचरित्र आणि साक्षीदार

आयर्लंडचे बिशप संत पॅट्रिक पाचव्या शतकातले. त्यांनी स्वतः लॅटिनमध्ये लिहिलेले आत्मनिवेदन उपलब्ध आहे. त्यात सोळाव्या वर्षाच्या सुमारास गुलाम म्हणून धरून नेलेला, सहा वर्षे गुरे राखणारा, अपुऱ्या शिक्षणाची लाज बाळगणारा माणूस भेटतो. सातव्या शतकाच्या अखेरीस मुर्खूने त्यांचे चरित्र रचले, तेव्हा हा संकोच मागे पडला आणि राजासमोर चमत्कारांनी द्रुइड पुरोहितांना नमविणारा विजयी पुरुष पुढे आला. दोनशे वर्षांत साक्षीदार उरले नव्हते. आर्माच्या धर्मपीठाला मात्र प्रतापी संस्थापक हवा होता.

मराठी संतचरित्राचा आरंभ नेमका उलट्या टोकाला झाला. 'लीळाचरित्र' सिद्ध झाले ते इ. स. १२७८च्या सुमारास. चक्रधरांना पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. म्हाइंभटाने त्यांना गाठून आठवणी मिळविल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. स्वामी कोठे उतरले, काय जेवले, महदाइसेच्या शंकांना काय उत्तर दिले, हे सारे त्यात आहे. चमत्कारही आहेत, पण ते जेवणखाणाच्या आणि वाटचालीच्या तपशिलांत मिसळून गेलेले.

मूळ पोथी चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत नष्ट झाली, असे परंपरा सांगते. मग पाठांतराच्या आधारे ग्रंथ पुन्हा उभा राहिला. हिराइसेची स्मरणशक्ती त्याबद्दल विख्यात आहे. आठवणी जुळल्या नाहीत तेथे निरनिराळे पाठ 'वासना' म्हणून नोंदविले गेले. विद्यार्थ्यांना त्यांचा अडथळा वाटतो. परंतु वासना गाळलेली आवृत्ती वाचायला सोपी होते आणि साक्षीदार गमावते.

'भक्तविजय' (१७६२) लिहिणारा महिपती ज्ञानदेवांपासून साडेचार शतके दूर होता. नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांचे ऋण तो मोकळेपणाने मानतो. त्याची ओवी रसाळ आहे, कीर्तनात रुजलेली आहे. तिला तेराव्या शतकाचा पुरावा म्हणून राबविणे हा महिपतीवरच अन्याय होय; त्याने तसा दावा केलेला नाही.

ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचे चरित्रही म्हाइंभटाचेच. त्याच्या लेखी ते परमेश्वर होते. तरीही गावकरी त्यांना वेडे म्हणत, ते कोणाच्याही घरात शिरत, हाताला लागेल ते उचलून खात, यांतले काहीच त्याने दडविले नाही.