गुण नेमका कशाचा?

'आठवडाभर पोट बिघडले होते. औषधाने फरक पडेना. कोणीतरी प्रोबायोटिक सुचवले आणि दोन दिवसांत आराम पडला.' नवी मुंबईत वाशी-नेरूळला काय किंवा आणखी कुठे काय, असे अनुभव सर्रास ऐकू येतात. सांगणारा खोटे बोलत नसतो. पण पुरावा म्हणून हे कथन तपासले, की जे कळायला हवे तेच त्यातून गळलेले दिसते.

पहिली गळालेली गोष्ट म्हणजे नाव. 'प्रोबायोटिक घेतले' हे 'गोळी घेतली' इतकेच मोघम आहे. पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. त्यांत लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम, बॅसिलस हे जिवाणू येतात, तशी एक यीस्टही येते. एकाच जातीच्या दोन स्ट्रेनचे गुणसुद्धा सारखे असतीलच असे नाही. आपल्याकडे कित्येक पाकिटांवर 'लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनिस' असे नाव छापलेले असे. वास्तविक लॅक्टोबॅसिलस बीजाणू तयार करतच नाहीत. पाकिटात असे बॅसिलस कोॲग्युलन्स. छापणाऱ्याचीच ही तऱ्हा, तर रुग्णाला काय बोल लावायचा!

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हे औषध घेतले नसते तर काय झाले असते? लहान मुलांचे जुलाब बहुधा आठवड्याच्या आत आपोआप थांबतात. आयबीएससारख्या जुन्या दुखण्यात चढउतार चालूच असतात, आणि माणूस नवा उपाय शोधतो तो त्रास शिगेला पोहोचल्यावर. त्यानंतर उतार पडणे बरेचसे ठरलेलेच असते.

यासाठी तुलना लागते. कोलकात्याच्या झोपडवस्तीतील एक ते पाच वर्षांच्या ३,७५८ मुलांवर झालेली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या मुलांना बारा आठवडे लॅक्टोबॅसिलस कॅसेई शिरोटा हा स्ट्रेन असलेले पेय दिले, उरलेल्यांना तसेच दिसणारे पण जिवाणू नसलेले पेय. कोणाला काय मिळाले हे घरच्यांना ठाऊक नव्हते. चोवीस आठवड्यांच्या काळात पहिल्या गटातील ६०८ मुलांना जुलाब झाले, दुसऱ्यातील ६७४ मुलांना. म्हणजे लाभ झाला, पण तो सुमारे १४ टक्के. आता दुसऱ्या गटाकडे पाहा. जिवाणूविना पेय पिऊनही तेथील अकराशेहून अधिक मुलांना जुलाब झालेच नाहीत. त्यांच्या आयांना विचारले असते, तर त्यांतल्या कितीतरी जणींनी 'पेयाचा गुण आला' असेच मनापासून सांगितले असते.

शिवाय अनुभव सांगायला बरे झालेलेच येतात. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांवर झालेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रोबायोटिक दिलेल्या १५२ रुग्णांपैकी २४ दगावले, न दिलेल्या १४४ पैकी ९. धडधाकट माणसाला सहसा अपाय होत नाही, हे खरे. पण 'जिवाणू चांगले, म्हणजे अपाय नाहीच' हे गृहीतक अत्यवस्थ रुग्णांच्या बाबतीत टिकले नाही.

धडधाकट घरातही या ऐकीव अनुभवांची किंमत मोजावी लागू शकते. जुलाबात मूल दगावते ते मुख्यतः अंगातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण तोंडावाटे देऊन असंख्य जीव वाचवले. आज त्याचे, म्हणजे ओआरएसचे, पाकीट अगदी स्वस्त आहे. जोडीला जस्ताच्या गोळ्या द्याव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पण या पाकिटाने जुलाब लगेच थांबत नाहीत, ते फक्त मुलाला जगवते. त्यामुळे 'दोन दिवसांत थांबले' अशी त्याची गोष्ट शेजारीण शेजारणीला सांगत नाही, आणि औषधाच्या दुकानातून घरी येते ती प्रोबायोटिकची कुपी. ती घ्यायला हरकत नाही. मात्र शाळेत जुलाबाचा विषय निघेल तेव्हा मुलांना घरी हे विचारायला सांगावे: कुपी आणली त्या दिवशी ओआरएस किती पाजले होते?