चित्रपटगृहांचे जतन : वास्तू आणि व्यवहार

चित्रपटगृहाचे जतन करावयाचे म्हणजे नेमके कशाचे जतन करावयाचे, या प्रश्नाचा उलगडा झाल्यावाचून त्याविषयीची हळहळ निष्फळ ठरते. एखादे जुने चित्रपटगृह पाडले जाऊ लागले की आठवणींचे लेख येतात, दर्शनी भागाची छायाचित्रे छापली जातात आणि ‘वारसा’ हा शब्द उच्चारला जातो. या शब्दाला मुंबईत जो अर्थ प्राप्त झाला आहे तोच बुलढाण्यासारख्या जिल्ह्याला लावून पाहिला, तर तेथे जतन करण्याजोगे काही नव्हतेच, असा विपरीत निष्कर्ष निघतो. हा दोष जिल्ह्याचा नसून व्याख्येच्या संकोचाचा आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम मुंबईचेच उदाहरण घेऊ. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा बोलपट मॅजेस्टिकमध्ये लागला. भारतीय चित्रपटाच्या इतिहासातील या दोन्ही आरंभस्थानांपैकी एकही वास्तू आज उभी नाही. उलट रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडूनही जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडले. रीगल व इरॉस यांचा समावेश असलेला व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तूंचा समूह २०१८ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेला. येथे निवडीचे तत्त्व स्पष्ट दिसते. टिकले ते शिल्पदृष्ट्या देखणे. घडलेल्या घटनेचे महत्त्व वास्तूला तारू शकले नाही.

देखणेपणाने तरी काय तारले, हेही पाहिले पाहिजे. १९३८ चे इरॉस २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाले. बाहेरची वास्तू डौलाने उभी आहे. आतील हजारांहून अधिक आसनांच्या प्रेक्षागृहाच्या जागी मात्र सुमारे तीनशे आसनांचे नव्या पद्धतीचे प्रेक्षागृह आले आहे. आजच्या अर्थव्यवहारात ही तडजोड अपरिहार्य असेल, आणि संपूर्ण नाशापेक्षा ती कितीतरी बरी. तथापि येथे जतन झाले ते दर्शनी भागाचे. निरनिराळ्या दरांची तिकिटे काढून हजार माणसे एका अंधारात एकत्र बसत, ही जी सामाजिक घटना होती ती या जतनाच्या कक्षेबाहेरच राहिली.

आता बुलढाण्याकडे वळू. खामगाव व मलकापूर ही कापसाच्या व्यापारावर वाढलेली गावे. देऊळगाव राजा व सैलानी ही यात्रांची ठिकाणे. अशा मुलखात चित्रपटाचा इतिहास दोन रूपांत वावरतो. एक गावातील कायमचे चित्रपटगृह : विटांच्या भिंती, पत्र्याचे छप्पर, पडद्यानजीक बाकडी व मागे खुर्च्या. दुसरे रूप म्हणजे तंबू टॉकीज. पावसाळा सरला, पीक हाती आले व जत्रा भरू लागल्या की मालमोटारीवर यंत्र, पडदा व कनाती लादून फिरणारे हे चित्रपटगृह महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाचे खरे चित्रपटगृह होय. त्याला दर्शनी भाग नाही, वास्तुविशारद नाही, भूखंडही नाही. वारशाच्या कोणत्याही यादीत त्याची नोंद होऊ शकत नाही, कारण नोंद घेण्यास अधिकारी पोचेपर्यंत ते पुढल्या गावी गेलेले असते.

या फिरत्या चित्रपटगृहांची दखल घेणारी एक महत्त्वाची कृती आपल्यापुढे आहे. शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा अनुबोधपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखविला गेला. महाराष्ट्रातील जत्रांतून फिरणारे तंबू, त्यांचे चालक आणि स्वतःच्या कल्पनेने प्रोजेक्टर घडविणारा एक वृद्ध कारागीर, यांच्याभोवती तो गुंफला आहे. त्याचे मोठे यश असे की, चित्रपटगृह म्हणजे इमारत हे समीकरण तो न बोलता मोडून काढतो. गंजलेले यंत्र, फिल्मची वाट पाहणारे चालक आणि पडद्याकडे लागलेले चेहरे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की चित्रपटगृह उभे राहते, हे त्यात प्रत्ययास येते.

परंतु या कृतीच्या यशातच तिची मर्यादाही आहे. तिचा स्थायी भाव करुण आहे. फिल्मच्या जागी अंकीय प्रक्षेपण आले, २०१३ मध्ये फुजीफिल्मने चित्रपटांसाठी चित्रफीत बनविणे थांबविले, आणि जुनी यंत्रे एका दशकाच्या आत निरुपयोगी झाली. या ऱ्हासाचे चित्रण करताना ऱ्हासाचे सौंदर्यच मनात ठसते. कलाकृती म्हणून हे समर्थनीय आहे. मात्र इतिहासलेखनाचे काम तिच्यावर सोपवून आपण मोकळे होणे समर्थनीय नाही. कोणत्या गावी किती दिवस मुक्काम पडे, तिकिटाचा दर काय असे, स्त्रियांची बसण्याची व्यवस्था कशी होती, मराठी चित्रपट किती व हिंदी किती, या प्रश्नांची उत्तरे करुणरसातून मिळत नाहीत. ती कागदपत्रांतून मिळतात.

आणि खरा धोका या कागदपत्रांनाच आहे. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने चित्रपट-प्रदर्शनाचा परवाना देण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे सोपविला. १९५३ च्या मुंबई चित्रपटगृह नियमन कायद्यानेही तेच तत्त्व राखले. त्यामुळे जिल्ह्यातील चित्रपटव्यवहाराचा माग जिल्हा कचेरीच्या दप्तरातून काढावा लागतो. बुलढाण्याच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. तत्पूर्वी त्याचा प्रांतिक कारभार नागपूरहून चाले. म्हणजे बोलपटाच्या पहिल्या पंचवीस वर्षांचा शोध मुंबईच्या दप्तरखान्यात घेणे व्यर्थ होय. दुसरे महत्त्वाचे साधन करमणूक कराच्या नोंदींचे. विकल्या गेलेल्या तिकिटांचा हिशेब शासनाकडे जाई तो या करामुळेच. १ जुलै २०१७ पासून हा राज्य-कर वस्तू व सेवा करात विलीन झाला. जो कर उरला नाही त्याची जुनी दप्तरे जपण्याचे प्रयोजन कचेरीला सहसा वाटत नाही, आणि कायम वर्गात न मोडणारे कागद मुदत संपताच नष्ट केले जातात.

यावर कोणी म्हणेल की, कागद जपल्याने चित्रपटगृह जपले जात नाही. आक्षेप खरा आहे. पुनर्विकासात नव्या इमारतीत एखादे लहान चित्रपटगृह ठेवण्याच्या अटीनेही ते जपले जात नाही, हे अनुभवास आले आहे. ज्या गावातील पत्र्याच्या चित्रपटगृहाला वास्तू म्हणून कोणी वाचविणार नाही, तेथे निदान त्याचा व्यवहार समजून घेण्याची साधने तरी वाचवावीत, एवढाच येथील आग्रह आहे. परवाने, तिकिटांची खोडके, हस्तपत्रके, तंबूचालकांच्या वह्या आणि यंत्रचालकांच्या मुलाखती, एवढी सामग्री एका तालुक्यापुरती गोळा करणे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. यंत्रावर काम केलेली माणसे आज वृद्ध आहेत. हे संकलन आणखी दहा वर्षे लांबणीवर पडले, तर वऱ्हाडातील चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्याला मुंबईच्या इतिहासातच आपल्या जिल्ह्याची सावली शोधावी लागेल.