बैल चालू लागला की चोरी झाली

गाइड या वाङ्मयप्रकाराची समीक्षा मराठीत फारशी कोणी करीत नाही. वास्तविक परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड ज्या तन्मयतेने वाचले जाते, तिच्यापुढे पारायणाला बसलेले भाविकही फिके पडावेत. माझा भाचा यंदा कायद्याच्या परीक्षेला बसतो आहे. त्याचे फौजदारी कायद्याचे गाइड मी दोन रात्रींत वाचून काढले. समीक्षक म्हणून मत देतो : ग्रंथ कोरडा आहे. मूळ कायद्यातले हसू तेवढे नेमके वेचून बाहेर फेकलेले!

हो, मूळ कायद्यात हसू आहे. मेकॉलेसाहेबांच्या आयोगाने १८३७ साली मसुदा केला आणि १८६० साली त्याची भारतीय दंड संहिता झाली. तिच्यात कलमांखाली उदाहरणे आहेत. चोरीच्या कलमाखाली ‘क’ला एक बैल भेटतो. पाठीवर खजिन्याची पेटी! ती लाटायच्या इराद्याने ‘क’ त्याला हव्या त्या दिशेला हाकतो. बैलाने पाऊल उचलले की चोरी पुरी. दुसरा एक ‘क’ दुसऱ्याच्या खिशात हात घालतो, तर खिसा रिकामा. तरी प्रयत्नाबद्दल तो दोषीच. कायदा असा प्रयत्नालाही शिक्षा देतो. परीक्षक दयाळू. स्वतःच्या रिकाम्या डोक्यात हात घालणाऱ्यालाही ते दोन मार्क देतात.

गाइडकाराने जागा वाचवायला बैल हाकलून दिला आणि चोरीच्या पाच घटकांची यादी तेवढी ठेवली. ती घोकता घोकता भाच्याचा चेहरा उतरला. म्हणाला, “मामा, चौथ्यावर अडतंच. या वर्षी ड्रॉपच घेतो.”

“अरे, तुला बैल भेटला का?”

“कुठला बैल?”

सांगितला. आठ दिवसांत पहिल्यांदा पोरगा हसला, आणि बोटे मोडत पाचही घटक म्हणून गेला : वाईट इरादा, हलवता येणारी वस्तू, दुसऱ्याचा ताबा, संमती नाही, आणि वस्तू हलली.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ३०२चा खून १०३वर गेला, ४२०ची फसवणूक ३१८मध्ये जाऊन बसली. आकडे पाठ करणाऱ्यांचे भांडवल एका रात्रीत बुडाले. चोरीचे ३७८ही ३०३ झाले. पण बैल पेटीसकट तिथे हजर आहे.

गाइडच्या पुढल्या आवृत्तीत त्याला जागा द्यावी, एवढीच शिफारस. चारा लागत नाही.