एकाच क्षणी तिघे

सिम्युलेशनच्या गप्पांमध्ये घड्याळाचा विषय सहसा निघत नाही. घड्याळ पुढच्या घटनेवर उडी मारतं, घटना घडते, की पुढची उडी. पण दोन घटनांची वेळ तंतोतंत एकच असेल तर आधी कोण?

सुट्या घटनांच्या मॉडेलिंगचा पाया ज्या पुस्तकाने घातला ते म्हणजे बर्नार्ड झिगलर यांचं १९७६ चं 'थिअरी ऑफ मॉडेलिंग अँड सिम्युलेशन'. त्यांच्या 'डेव्हस' पद्धतीची मोठी कमाई अशी, की जोडलेली मॉडेलं मिळून बाहेरून पुन्हा एकच मॉडेल होतं. म्हणजे डब्यात डबा ठेवत जा. हे सिद्ध केलेलं आहे, त्याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप त्यावरून होणाऱ्या समजुतीवर आहे: डबे करणं म्हणजे नुसती आवराआवर, उत्तराला धक्का लागत नाही.

उदाहरण घ्या. एका वॉर्डात तीन ठिकाणांहून रुग्ण येतात: अपघात विभाग, दुसरं इस्पितळ आणि ओपीडी. तिन्हीकडून एकाच क्षणी एकेक रुग्ण आला. आपल्याला हवा असलेला क्रम हाच. मूळ डेव्हसमध्ये अशी बरोबरी 'सिलेक्ट' नावाचं फंक्शन सोडवतं: ज्यांची वेळ झाली आहे त्यांच्यातून ते एकाला निवडतं. तिघे सुटे असतील तर काहीच अडचण नाही.

आता अपघात विभाग आणि ओपीडी एकाच इमारतीत आहेत म्हणून त्यांना एका डब्यात टाका. वरच्या सिलेक्टला दोघेच दिसतात: डबा आणि दुसरं इस्पितळ. डब्याला पुढे सोडलं, तर अपघाताचा रुग्ण जातो. पण डब्यात ओपीडी बाकी आहे, समोरची जोडी तीच आहे, म्हणून निवडही तीच. ओपीडीवाला दुसरा! उलटी निवड केली, तर दुसऱ्या इस्पितळाचा रुग्ण अपघाताच्याही आधी. एकच खाट मोकळी असेल तर ही उलटी निवड चुकते, दोन असतील तर आधीची. रुग्ण तेच, वेळ तीच. बदलली ती चौकट.

१९९४ साली ॲलेक्स चाऊ आणि झिगलर यांनी 'पॅरलल डेव्हस' मांडलं आणि सिलेक्टला रजा दिली. ज्यांची वेळ झाली ते सगळे एकदम बोलतात. वॉर्डाला तिन्ही रुग्ण एकत्र कळतात आणि क्रम वॉर्डच लावतो. नावावरून ही वेग वाढवायची युक्ती वाटते, पण माझ्या मते तिचं खरं मोल वेगळं आहे: निर्णय आकृती काढणाऱ्याच्या हातून खाटा सांभाळणाऱ्याकडे गेला.

अर्थात काम आपल्याला चुकत नाही. वॉर्डाचा नियम आपणच लिहायचा. तो न लिहिता यादीत जो पहिला सापडेल त्याला खाट दिली, तर सिलेक्ट मागच्या दाराने परत आलाच, आणि या वेळी कुणाच्या लक्षातही येणार नाही.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या मॉडेलने 'इतक्या खाटा पुरतील' असं सांगितलं, तर एक करून बघा. चौकटी पुसा, सगळे भाग सुटे मांडा आणि पुन्हा चालवा. आकडा हलला, तर तो इस्पितळाबद्दल काही सांगत नव्हता.