‘वार्धक्य’ की ‘मुरणे’? : स्पिनेल सिरॅमिकांच्या अभ्यासातील एक संज्ञा

तापमापनासाठी वापरल्या जाणाऱ्या थर्मिस्टरांतील स्पिनेल सिरॅमिकांविषयीचे संशोधनलेखन विपुल आहे, आणि त्यातील मोजमापे बहुधा काटेकोर असतात. दोष आहे तो एका संज्ञेच्या वापरात. असा पदार्थ उष्ण स्थितीत दीर्घकाळ राहिला असता त्याचा विद्युत् रोध हळूहळू बदलतो. या घटनेस तेथे सरसकट ‘एजिंग’ म्हटले जाते, आणि मराठीत ‘जीर्णन’ किंवा ‘वार्धक्य’ हे पर्याय सहज सुचतात. बदल अल्प असला तरी उपेक्षणीय नाही. सामान्य तापमानास अशा थर्मिस्टराचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ४ टक्के उतरतो. म्हणजे रोधात १ टक्का फरक पडला की तापमानाच्या वाचनात जवळजवळ पाव अंशाची चूक येते. ज्वरमापकाच्या बाबतीत ही चूक मोठीच म्हणावी लागेल.

निकेल मँगनाइट हे या वर्गाचे परिचित उदाहरण होय. १९१५ मध्ये ब्रॅग व निशिकावा यांनी उलगडलेल्या स्पिनेल रचनेत एका एकक कोशात ऑक्सिजनचे ३२ आयन असतात. त्यांच्यामधील ६४ चतुष्फलकी जागांपैकी ८ व ३२ अष्टफलकी जागांपैकी १६ जागा धातूंच्या आयनांनी भरलेल्या असतात. निकेलची ओढ अष्टफलकी जागांकडे. ते तेथे बसले की मँगनीजचा काही भाग चतुष्फलकी जागांत जातो आणि विद्युत्भाराचा तोल राखण्यासाठी अष्टफलकी जागांत त्रिसंयुजी व चतुःसंयुजी मँगनीज शेजारी शेजारी येते. त्या दोहोंमध्ये इलेक्ट्रॉन उडी मारतो, हेच येथील विद्युत्संवहन. सारांश, कोणता आयन कोठे बसला यावर रोध अवलंबून असतो. आणि ही बैठक भट्टीतून निघालेला पदार्थ किती त्वरेने थंड झाला यावर ठरते. वेगाने थंड केल्यास उच्च तापमानाची मांडणी तशीच गोठून राहते. पुढे १५० अंशांच्या आसपास ठेवल्यावर आयन सावकाश आपापल्या सोयीच्या जागी सरकू लागतात.

याला वार्धक्य म्हणणे चुकीचे आहे. हा क्षय नव्हे, समतोलाकडील वाटचाल आहे. पदार्थ पुन्हा पुरेसा तापवून झटकन थंड केल्यास ती बऱ्याच अंशी उलटवताही येते. म्हाताऱ्याला तारुण्य येत नाही. उलट, चतुष्फलकी मँगनीजचे ऑक्सिडीभवन होऊन कणसीमांकडून रिक्त स्थाने आत पसरणे ही निराळी प्रक्रिया आहे, आणि चांदीच्या विद्युदग्रातून धातू सिरॅमिकमध्ये शिरणे ही तिसरी. ही तिसरी मात्र खरोखरच ऱ्हास होय. तिन्हींना एकच नाव असल्यामुळे एकीचा पुरावा दुसरीच्या खाती जमा होतो.

धातुविज्ञानात याच इंग्रजी शब्दाचा अर्थ नेमका उलट दिशेने जातो. १९०६ मध्ये आल्फ्रेड विल्म यांना ॲल्युमिनियमचे एक मिश्रधातू नुसते ठेवून दिल्याने कठीण होताना आढळले. तेथे ‘एजिंग’ हा गुण ठरला. मराठीत या अर्थासाठी घरातलाच शब्द आहे : मुरणे. लोणचे मुरते, चुना मुरतो. शिवाय ‘मुरणे’ या अकर्मकाला ‘मुरवणे’ हे प्रयोजक रूप असल्याने, उत्पादक थर्मिस्टर विक्रीपूर्वी मुद्दाम उष्ण ठेवून स्थिर करतात ती कृतीही त्याच धातूने सांगता येते. शब्द निर्दोष आहे असे नाही. पाणीही मुरते, आणि त्या अर्थाने चांदीच अधिक मुरते! तेव्हा विद्युदग्राच्या प्रक्रियेसाठी ‘शिरकाव’ हा शब्द राखून ठेवणे इष्ट.

संज्ञेचा हा सैलपणा निष्कर्षांच्या मांडणीतही उतरतो. ठरावीक तापमानास १००० तासांनंतर रोधात अमुक टक्के फरक, असा एकच आकडा दिला जातो. शीतनाचा वेग, कणांचा आकार, सच्छिद्रता व विद्युदग्राचा प्रकार यांचा उल्लेख कधी असतो, कधी नसतो. काही लेखनात कालक्रमास ताणलेले घातांकी सूत्र बसवले जाते. हे सूत्र कोलराउश यांनी १८५४ मध्ये लेडन पात्राच्या विद्युत्स्रावासाठी वापरले होते. त्यात जुळवून घेता येणारे घटक इतके लवचिक आहेत की ते जुळले याचा अर्थ कारण सापडले असा होत नाही. या दृष्टीने युक्रेनमधील ल्विव येथे श्पोट्यूक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबे, निकेल व कोबाल्टयुक्त मँगनाइटांवर केलेले काम उजवे आहे. त्यांनी कालक्रमाचे रूप सिरॅमिकच्या सूक्ष्मरचनेशी जोडून पाहिले. हवेत सुमारे ९०० अंशांच्या वर निकेल मँगनाइटमधून ऑक्सिजन जाऊन निकेल ऑक्साइड वेगळे पडू लागते, आणि उरलेल्या स्पिनेलमध्ये मँगनीजचे प्रमाण वाढते. अशा दोन प्रावस्थांच्या नमुन्याचे ‘वय’ कोणत्या क्षणापासून मोजायचे, भट्टीतून निघाल्यापासून, विद्युदग्र चढवल्यापासून, की पहिल्यांदा उष्ण केल्यापासून, हे सांगणारा प्रबंध क्वचितच हाती लागतो.