सौदा आणि संवाद

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामातील एक माता आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आली. "फादर, हा संगणकावर सैतानांना हाताशी धरण्याचा खेळ खेळतो. तुम्हीच याला समजवा," एवढे बोलून तिने डोळ्यांना पदर लावला. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "फादर, यात नुसते सैतान नाहीत. गणपती आहे, आणि महादूत मिखाएलसुद्धा." या उत्तराने आम्ही चमकलो. ग्रंथ वाचल्यावाचून त्याच्यावर अभिप्राय देऊ नये, हा सेमिनरीतील जुना धडा आहे. म्हणून चार संध्याकाळी त्या मुलाच्या शेजारी बसून आम्ही तो खेळ पाहिला.

खेळाचे नाव 'शिन मेगामी तेन्सेई'. त्याचे मूळ निशितानी आया या जपानी लेखकाच्या १९८६ मधील कादंबरीत आहे. सूडाने पेटलेला एक शाळकरी मुलगा संगणकाच्या साह्याने लोकी या दुष्ट शक्तीला पाचारण करतो, अशी ती कथा. तिच्यावरून १९८७ मध्ये अ‍ॅटलस या कंपनीने पहिला खेळ रचला. १९९२ मध्ये 'शिन मेगामी तेन्सेई' आला आणि त्यानेच या मालिकेला कीर्ती मिळवून दिली. प्राणी पकडून आपल्या बाजूने लढवण्याची जी कल्पना आपल्या मुलांना १९९६ च्या 'पोकेमॉन'मुळे परिचित झाली, ती येथे नऊ वर्षे आधीच अवतरली होती. त्या मुलाकडे होता तो मालिकेचा तिसरा भाग, 'नॉक्टर्न'. तो मूळचा २००३ चा असून २०२१ मध्ये नव्या रूपात जगभर आला.

या खेळात शत्रूला केवळ मारायचे नसते; त्याच्याशी बोलायचे असते. तो पैसे मागतो, एखादी वस्तू मागतो, कधी आपल्या प्राणशक्तीचा वाटा मागतो. त्याचे मन राखले तर तो आपल्या पक्षात येतो. कधी पैसे घेऊन पसारही होतो. पुढे अशा दोन साथीदारांना एकत्र वितळवून तिसरा, अधिक बलवान साथीदार घडवता येतो. ते दोघे मात्र नाहीसे होतात. खेळाच्या इंग्रजी आवृत्तीत या जागेला 'सावल्यांचे कॅथीड्रल' असे नाव आहे.

रचनाकारांच्या कल्पकतेला दाद दिलीच पाहिजे. बळापेक्षा बोलणे मोठे, हा विचार त्या काळच्या खेळांत दुर्मीळ होता. १९९२ च्या खेळात देवाच्या नावाने बोलणारे लोकच तोक्योवर क्षेपणास्त्रे पडण्यास कारणीभूत होतात. हे पाहून कोणी धर्मनिंदा म्हणेल. आम्ही ते आत्मपरीक्षण म्हणून घेतले. सैतान प्रकाशाच्या दूताचे रूप घेऊ शकतो, असे संत पौलानेच बजावले आहे.

तरीही एका ठिकाणी हा खेळ चुकतो, आणि ती चूक लहान नाही. 'नॉक्टर्न'च्या यादीत विष्णू, शिव, लक्ष्मी, सरस्वती, गणेश, काली आहेत. मिखाएल, गब्रिएल, राफाएल हे महादूत आहेत. आणि उघडउघड दुष्टात्मेही आहेत. या सर्वांना एकच नाव, 'अकुमा'. जपानी पवित्र शास्त्रात सैतानासाठी हाच शब्द येतो. त्यातील 'मा' हे अक्षर बुद्धाला मोहात पाडू पाहणाऱ्या 'मार' या संस्कृत नावावरून आलेले आहे. ज्याच्याशी बुद्धाने तडजोड केली नाही, त्याच्याच नावाखाली सारे देव आणि देवदूत गोळा केले, आणि त्या सर्वांशी एकाच पद्धतीने सौदा ठरवला!

पण दगड उचलण्यापूर्वी आपण आपला इतिहास आठवावा. गोव्याच्या हिंदू लोकपरंपरेत 'देवचार' म्हणजे गावाच्या वेशीचा राखणदार. ख्रिस्ती कोंकणीत 'देवचार' म्हणजे सैतान. शब्द एकच. शेजाऱ्याच्या राखणदाराला आपण आपला सैतान केले. स्तोत्रसंहितेच्या प्राचीन ग्रीक भाषांतरातही परराष्ट्रीयांच्या देवांना दुष्टात्मे म्हटले आहे. याउलट फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शेजाऱ्याचाच शब्द आदराने उचलला. आणि २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले, की इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही.

म्हणजे येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. सैतानाशी सौदा नाही. प्रभू येशूला रानात जगातील सारी राज्ये देऊ केली गेली; त्याने किंमतीची घासाघीस केली नाही, सरळ नकार दिला. शेजाऱ्याशी मात्र संवाद हवाच, आणि संवादात शेजाऱ्याला वितळवून आपले बळ वाढवायचे नसते. पुण्यात हे आपण विसरू नये. क्वार्टर गेटजवळील सिटी चर्चसाठी १७९२ मध्ये जागा दिली ती सवाई माधवराव पेशव्यांनी. जे हात गणपतीला जोडले जात होते, त्याच हातांनी आपल्या वेदीला जमीन दिली.

त्या मातेला आम्ही सांगितले, की हा खेळ अमेरिकेतील वर्गवारीनुसार सतरा वर्षांवरील मुलांसाठी आहे. तूर्त तो बाजूला ठेवलेला बरा. मुलाला मात्र आम्ही रागावलो नाही. संत इग्नाशियसने आत्म्यांची पारख करण्याचे जे नियम घालून दिले, ते त्याला सोप्या शब्दांत समजावले: जो आवाज तुझ्याकडून प्रेम काढून घेऊन तुला केवळ सामर्थ्य देऊ करतो, तो कितीही गोड असला तरी त्याला नाही म्हण.

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, आमच्या वाड्यातल्या मित्राला मी हा खेळ दाखवला होता. गणपती राक्षसांत बघून त्याला वाईट वाटलं. मी हसलो होतो." त्याला आम्ही एवढेच म्हणालो, "आज घरी जाताना आधी त्याच्याकडे जा."